पडदा लांब ठेवणाऱ्या बाई

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मोठ्या बाईंचं, म्हणजे हेडक्लार्कबाईंचं, जे टेबल होतं ते खरं तर एक टेबल नव्हतंच. ग्रंथालयातून मोडीत काढलेली वाचनाची दोन लांबडी टेबलं एकाला एक लावून, मधली फट पुठ्ठ्यानं झाकून ते तयार केलेलं होतं. या टोकाला बाई बसायच्या आणि त्या टोकाला, पार भिंतीला टेकून, त्यांच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर. मधल्या मोकळ्या जागेत टपालाचे ट्रे, चहाचे कप आणि परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठेसुद्धा मावायचे. नवीन माणूस आत आला की आधी मॉनिटरसमोर जाऊन उभा राहायचा, तिथं कुणीच नाही म्हणून गोंधळायचा, आणि मग लांबून आवाज यायचा, "इकडं बगा. इकडं हाय मी."

मी त्या ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर होते. माझी खुर्ची बाईंच्या शेजारी. कॉलेज लातूरच्या बाहेर, रेणापूरच्या रस्त्याला. मी कंधारची, लातूरला खोली करून राहिलेली. नवी नोकरी, नवं गाव, आणि शेजारी अशा बाई. बाहेर कुणी विचारलं की "तू त्या लांब टेबलवाल्या बाईंजवळ बसतीस का?" तर मी "त्याच ऑफिसात असते" एवढंच म्हणायचे.

इतक्या लांबून पडद्यावरचं वाचायचं तर अक्षरं मोठी करावी लागायची. बाई ती इतकी मोठी करायच्या की पडद्यावर एका वेळी जेमतेम एक ओळ दिसायची. 'उपरोक्त विषयान्वये' एवढ्यातच मॉनिटर भरून जायचा. पडद्याचा उजेडही त्यांनी इतका कमी केलेला की दुपारी ऊन आत आलं की त्यांना हाताने खिडकीचा पडदा धरून ठेवावा लागायचा. कीबोर्डची वायर जोडजोडून लांब केलेली, ती टेबलाखालून खिळ्यांनी ठोकलेली. कॉम्प्युटरचा डबा तर ऑफिसातच नव्हता. तो पार्टिशनला भोक पाडून पलीकडच्या रेकॉर्डरूममध्ये ठेवलेला. सकाळी तो चालू करायला शिपाईमामा रेकॉर्डरूमचं कुलूप काढायचे आणि आतून ओरडायचे, "बाई, केला बरं का चालू!" दाराशी एक स्टीलचा डबा होता, पोळ्यांचा असतो तसला. बाईंकडं काम असलेल्यानं आपला मोबाईल आधी त्यात ठेवायचा.

कारण विचारलं तर बाईंकडं रोज नवं असायचं. डोळ्यांचा नंबर लांबचा आहे. फॅनचा वारा मॉनिटरवर जायला पाहिजे. भिंतीजवळचा प्लग सैल आहे. एकदा तर मुलांना म्हणाल्या, "पडदा आपल्याला बगत न्हाई, आपण त्याला बगायचं असतं. मंग अंतर आपणच ठरवायचं का न्हाई?" मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. हे वाक्य त्या पुढे बऱ्याचदा वापरायच्या आणि प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे.

ऑफिसच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली, सिमेंटचा एक छोटा चौकोन होता आणि त्यातून तांब्याची पट्टी वर येऊन भिंतीत शिरलेली होती. रोज सकाळी आल्याबरोबर बाई तांब्याभर पाणी घेऊन तिथं जायच्या आणि सावकाश ओतायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, तुळस असेल. तसं वाटणारी मी एकटी नव्हते. आमचे कॅशियर तर मुद्दाम हात जोडून विचारायचे, "बाई, पावतो का ह्यो देव?"

"मी पूजा-बिजा करत न्हाई," बाई तडक म्हणायच्या. "अर्थिंग हाय ते. वाळलं की काम करत न्हाई."

हे अर्थिंग त्यांच्या मिस्टरांनी केलेलं. ते वीज खात्यात लाइनमन होते, रिटायर झालेले. नांदेडला घर, तिथं ते राहायचे. बाई आठवडाभर लातूरला खोलीवर आणि शनिवारी दुपारी एसटीनं नांदेडला. एका सुट्टीच्या दिवशी मिस्टर कोळसा, मीठ आणि तांब्याचा पत्रा घेऊन आले, स्वतः खड्डा खणला, सगळं पुरलं आणि हात धुऊन गेले. बोलण्याचं काम नाही. असा माणूस मी कमी पाहिला.

मोठ्या अक्षरांचा एक परिणाम असा झाला की आमच्या ऑफिसात गुप्त असं काही उरलं नाही. व्हरांड्यातली खिडकी बरोबर मॉनिटरसमोर यायची. मुलं तिथं घोळका करून उभी राहायची आणि कुणाची फी राहिली, कुणाच्या बोनाफाईडवर जात काय लिहिली, हे मोठ्यानं वाचायची. एकदा प्राचार्यांनी एका प्राध्यापकाला खुलासा मागायचं ठरवलं. बाई टाईप करत होत्या. 'आपण वेळोवेळी', मग 'पूर्वपरवानगीशिवाय', मग 'गैरहजर'. प्राध्यापक महाशय खिडकीत उभे राहून एकेक ओळ वाचत होते. शेवटची ओळ यायच्या आत त्यांनी आत येऊन विचारलं, "बाई, 'कठोर' लिहिणार का नुसतंच 'योग्य ती कार्यवाही'?"

सगळं कॉलेज दोन दिवस हसत होतं. बाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. कामात चूक निघाली की त्या अशाच करायच्या, स्वतःला शिक्षा केल्यासारख्या.

खरं काय ते मला असंच एका दुपारी कळलं. प्रवेशाचे दिवस होते, सकाळपासून बाई खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. मी बायकांच्या खोलीत गेले तर त्या माठाजवळ वाकून तोंडावर पाणी मारत होत्या. वर पाहिलं तेव्हा मी दचकले. दोन्ही गालांवर, कपाळावर, गळ्यापर्यंत लाल चट्टे उठले होते. डोळ्यांच्या कडा सुजलेल्या. पदरानं तोंड झाकायला त्यांनी हात वर केला, पण मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं.

"काय झालं बाई? गांधीलमाशी चावली का?"

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

"पडद्यासमोर बसलं की होतं. आधी जळजळ, मंग मुंग्या. जिभेला तांब्याची चव येती. जवळ बसलं तर लई, लांब बसलं तर जरा कमी." मग थांबून म्हणाल्या, "कुणाला बोलू नको."

"पण सांगितलं असतं तर? प्राचार्य काही वाईट नाहीत."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी फारच लहान आहे.

"माझे वडील गोदामात पोती उचलायचे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात टेबल-खुर्चीवर बसणारी मी पहिली. रुजू झाले त्या दिवशी ह्याच ऑफिसात दोघं बोलत होते, मला ऐकू येईल असं. 'कोट्यातनं आल्यात, काम येतंय का बगू.' त्या दिवसापासून मी एक कागद उद्यावर ठेवला न्हाई. आता मी सांगू, की मला कॉम्प्युटर सहन होत न्हाई? काय म्हणतील लोक? झेपत न्हाई, तवा सोंग करायल्यात, असंच म्हणतील ना?"

मी त्यांना कोरडा रुमाल दिला.

"तऱ्हेवाईक म्हणू दे," बाई तोंड पुसत म्हणाल्या. "येडी म्हणू दे. त्याची मला शरम न्हाई वाटत."

तेव्हा मला कळलं की डोळ्यांचा नंबर, फॅनचा वारा, सैल प्लग हे सगळं बाईंनी मुद्दाम उभं केलेलं होतं. विक्षिप्त ठरणं त्यांना परवडत होतं. आजारी ठरणं नाही.

डॉक्टर त्यांनी सगळे करून पाहिले होते. कातडीच्या डॉक्टरांनी ट्यूब दिली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. एकानं हळूच सांगितलं, एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवा. बाई गेल्या होत्या नांदेडला, तोंडाला स्कार्फ बांधून. बाकावर बसल्या, तर शेजारच्या बाकावर त्यांच्या मुलीच्या शाळेतली एक शिक्षिका. बाई नंबर यायच्या आधीच उठून घरी आल्या.

त्यानंतर नवे प्राचार्य आले. तरुण, व्यवस्थित, आवाज कधी न चढवणारे. त्यांना ऑफिस नव्यानं मांडायचं होतं. प्रत्येकाला सारखं टेबल, सारखी खुर्ची, सारखा मॉनिटर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर वायफायचा डबा. लांब टेबल आधी जाणार हे उघड होतं. माणसं टेबल उचलायला आली तेव्हा बाई उठल्या, प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि पहिल्यांदाच वरिष्ठांसमोर त्यांनी ते तोंडातून काढलं. मी फाईल द्यायला आत उभी होते.

"सर, मला पडद्याची तकलीफ होती. चेहरा जळतो."

प्राचार्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, असं काही असतं का? मला खरंच माहीत नाही. आपण फिजिक्सच्या सरांना विचारू."

फिजिक्सचे सर आले. भला माणूस. बाईंना मानायचा. तो म्हणाला, लोकांना असा त्रास होतो असं ऐकलंय, पण तो विजेमुळेच होतो का याची खात्री कुणी देत नाही. शिकल्यासवरल्या लोकांतही वाद आहे.

"मंग तपासा," बाई म्हणाल्या. "मला डोळे झाकून बसवा. पडदा चालू केला का बंद, मी सांगते. मला कळतं."

त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की आता सगळं सुटणार असं मलाही वाटलं. इतकी वर्षं सोंग म्हणतील म्हणून गप्प बसलेल्या माणसाला पुरावा द्यायची संधी मिळत होती.

फिजिक्सच्या लॅबमध्ये मांडणी झाली. टेबलावर मॉनिटर, त्यावर काळं जाड कापड. आवाजावरून कळू नये म्हणून पंखे सोडलेले. बाई मॉनिटरच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसल्या. इतक्या जवळ बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सर कपाटामागं, बटणापाशी. खरं म्हणजे बाई, सर, प्राचार्य आणि मी, आम्ही चौघंच असायला पाहिजे होतो. पण अशी गोष्ट कॉलेजात लपत नाही. कॅशियर आले, मामा आले, तासाची मुलं दारात जमली. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हणालं नाही.

सुरुवातीला बाई म्हणाल्या, "बंद हाय." सर काही बोलले नाहीत, तसं ठरलंच होतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चालू केला." मग पुन्हा "बंद". मग बराच वेळ त्या गप्प बसल्या. त्यांचे हात मांडीवर होते, बोटं एकमेकांत घट्ट. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते, त्यामुळं मला आधी दिसलं. कानाजवळ एक चट्टा उठला. मग गालावर. मग कपाळ तांबडं झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आता लागलं," बाई म्हणाल्या. "लई लागायलंय. बंद करा, सर. बंद करा."

फिजिक्सचे सर कपाटामागून बाहेर आले. त्यांच्या हातात मॉनिटरची पिन होती. वायरीसकट, भिंतीतून उपसून काढलेली. ते काही दाखवायला म्हणून घेऊन आले नव्हते, त्यांच्या हातात ती तशीच राहिली होती. त्यांचा चेहरा पडला होता.

बाईंनी पिनकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"कधी काढली?" त्यांनी विचारलं.

"बाई, सुरुवातीपासूनच..." सर म्हणाले. "मी नंतर लावणार होतो. तेवढ्यात..."

दारातून कुणीतरी नाकानं हसलं. एवढंच, पण त्या खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. बाईंच्या जागी मी असते तर पळाले असते. मी नुसती बाजूला उभी होते तरी माझे कान तापले होते आणि कुणाकडं पाहावं कळत नव्हतं.

"मी हे करायलाच नको होतं," फिजिक्सचे सर म्हणाले.

"तुम्ही काहून शरमायलात?" बाई म्हणाल्या. "तपासा म्हणून मीच म्हणले." मग त्यांनी आपल्या गालावर बोट ठेवलं. चट्टा तसाच होता, उलट वाढत होता. "पण मंग हे काय हाय, सर?"

सर पिनची वायर हातावर गुंडाळत राहिले.  दारातली मुलं हळूहळू पांगली. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि ऑफिसात येऊन बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवं टेबल. बाई सगळ्यांसारख्या मॉनिटरच्या समोर, सगळ्यांएवढ्या अंतरावर. अक्षरं सगळ्यांएवढी. मोबाईलचा डबा मामांनी कपाटात टाकला. अर्थिंगला पाणी घालायला त्या गेल्या नाहीत. कामाचा वेग तोच, एकही कागद अडला नाही. फक्त दुपारपर्यंत त्यांचा चेहरा तांबडालाल व्हायचा आणि त्या तो झाकायच्या नाहीत.  कॅशियर त्यांच्याकडं न पाहता कागद ठेवायचे आणि न पाहता उचलायचे. ऑफिसात हसणं बंद झालं. आम्ही सगळे आपापल्या पडद्यात तोंड घालून बसायचो आणि ते काही कामाच्या ओढीनं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांचे मिस्टर आले. बाई विद्यापीठात गेल्या होत्या. ते थेट मागं गेले, सिमेंटचा चौकोन फोडला, तांब्याचा पत्रा काढून पिशवीत घातला. मी पाणी घेऊन गेले.

"घरी बोलत न्हाई ती," ते म्हणाले. "जेवती, झोपती, बोलत न्हाई."

 मी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? विजेमुळं होतं का हे?"

"मी सगळी नोकरी खांबावर काढली, बाळा. हिला करंट लागत न्हाई हे मला पहिल्यापासूनच दिसायचं."

"मग हे सगळं कशाला केलं?"

"तिनं मागितलं," ते म्हणाले, आणि खड्डा बुजवायला लागले.

शनिवारी दुपारी बाई माझ्याजवळ आल्या. "माझ्यासंगं नांदेडला येतीस का? दवाखान्यात जायचंय. त्या दवाखान्यात."

"काकांना न्या ना."

"ते आले तर सगळ्या गल्लीला कळंल, कुठं गेले ते. त्यांना खोटं बोलता येत न्हाई."

एसटीत बाई खिडकीशी बसल्या.  नांदेडला उतरलो, रिक्षा केली. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान आणि शेजारी कपड्यांचं. जिन्याच्या तोंडाशी डॉक्टरांच्या पदव्यांची पाटी, 'मनोविकार' हा शब्द सगळ्यात मोठा. बाईंनी स्कार्फ घट्ट बांधला. मला वाटलं, आता मागं वळतात की काय. पण त्या वर चढल्या.

बाकावर बसलो. समोर एक म्हातारा आणि त्याचा मुलगा, बाजूला नवरा-बायको. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावरून एक बाई वर आल्या आणि मी त्यांना ओळखलं. आमच्या कंधारच्या, घराला लागून घर असलेल्या काकू. सोबत त्यांची सून. माझ्या लग्नाचं तेव्हा घरचे बघत होते. मी ओढणी डोक्यावरून ओढली, तोंड भिंतीकडं केलं आणि तिथल्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचल्यासारखं करत राहिले. आजारी मी नव्हते. तरी घाम फुटला होता.

मोठ्या बाईंनी ते पाहिलं असणार.  हात मागं नेऊन त्यांनी स्कार्फची गाठ सोडली, स्कार्फ उतरवला, नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ताठ बसल्या. चट्ट्यांसकट. समोरच्या म्हाताऱ्यानं पाहिलं. काकूंनी पाहिलं. बाईंनी त्यांना मान हलवून जयभीम केला, ओळख नसताना. काकू गडबडल्या आणि त्यांनीही हात जोडले.

"तुला कशाची शरम?" बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "दाखवायला मी आलेय."

मी ओढणी खाली घेतली नाही. घेता आली नाही.

डॉक्टर बाईच होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी मलाही आत बसू दिलं. बाईंनी सगळं सांगितलं, लॅबमधली गोष्टसुद्धा, काही न वगळता. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "पिन पाहिली तेव्हा काय वाटलं?"

"मी खोटी हाय असं वाटलं."

"चट्टे खोटे होते का?"

"न्हाई."

"मग तुम्ही खोट्या कशा? त्रास खरा आहे. तो कशामुळं होतो याचा तुमचा अंदाज चुकला, एवढंच. मलाही सगळं सांगता येणार नाही. भीतीनं, काळजीनं शरीर पेटतं हे मात्र मी रोज पाहते. किती वर्षं हे लपवताय?"

 बाई टेबलावरच्या काचेकडं पाहत होत्या. मग रडल्या. आवाज न करता, आणि खूप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, श्वासाचा व्यायाम दाखवला, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. निघताना बाईंनी विचारलं, "आणि पडदा? लांब ठेवला तर चालंल का?"

"बरं वाटत असेल तर ठेवा की. फक्त विजेच्या भीतीनं ठेवू नका. आणि जमेल तसा जवळ आणत जा."

पुढच्या सोमवारी स्टाफची मीटिंग होती. विषय निराळेच होते, परीक्षा आणि वर्गांची रंगरंगोटी. शेवटी प्राचार्यांनी सवयीनं विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" या प्रश्नाला कधी कुणी उत्तर देत नाही. बाई उभ्या राहिल्या.

"माझा चेहरा जळतो," त्या म्हणाल्या. "तुमच्यातले बरेच जण लॅबच्या दारात होते, तुम्ही पाहिलंय. वायरीनं जळत न्हाई, हे मलाबी दिसलं. मी मान्य करते. तरी जळतो. मी मनाच्या डॉक्टरांकडं जायलेय, गोळ्या चालू हायत. कामात माझी कसूर न्हाई, कुणाला वाटत असंल तर आत्ता सांगा." त्या थांबल्या.  "मला माझा पडदा लांब पाहिजे. डोळ्याचा नंबर म्हणून न्हाई, फॅन म्हणून न्हाई. मला तकलीफ होती म्हणून."

बाई खाली बसल्या. सभागृहात कितीतरी माणसं होती. सगळ्यांच्या माना खाली. कॅशियर हातातलं पेन उघडत-मिटत होते. फिजिक्सचे सर मात्र उठले आणि म्हणाले, "खिडकीकडं पाठ करून मॉनिटर लावू, म्हणजे मोठी अक्षरं बाहेरून वाचता येणार नाहीत." एवढं साधं कुणालाच आधी सुचलं नव्हतं.

प्राचार्यांनी होकार दिला आणि टेबल पुन्हा लागलं. संध्याकाळी कॅशियर स्वतः एका बाजूनं ते उचलायला होते. टेकवल्यावर म्हणाले, "बाई, मी लई मस्करी केली तुमची." बाई म्हणाल्या, "हाव, केली," आणि कामाला लागल्या. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि कॅशियरनीही पुन्हा विचारलं नाही.

त्रास गेला असं म्हणता येणार नाही. कमी झाला. काही दिवस बरे जायचे, काही वाईट. बरे जात असले की त्या मॉनिटर थोडा अलीकडं ओढायच्या, वाईट असले की पलीकडं ढकलायच्या. सकाळी आलं की टेबल पाहूनच मला कळायचं, आज बाई कशा आहेत. एक मात्र कायमचं बदललं. कुणीही विचारलं, पालक, मुलं, पोस्टमन, की पडदा इतका लांब कशाला, तर उत्तर एकच. "माझा चेहरा जळतो." आणि विचारणारा माणूस, कुणी का असेना, नजर दुसरीकडं वळवायचा. मीही वळवायचे. इतकं सगळं पाहूनही, ते वाक्य त्यांनी उच्चारलं की मला वाटायचं, आता ह्या लोकांना कशाला सांगायचं.

बाई रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षी विद्यापीठाकडून तपासणीला समिती आली. समितीचे अध्यक्ष मोठे करारी गृहस्थ, सफारी घातलेले, आवाज खणखणीत. त्यांनी टेबल पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

"माझा चेहरा जळतो, सर," बाई म्हणाल्या. "मनाच्या डॉक्टरांचे उपचार चालू हायत. पडदा लांब असला की काम नीट होतं."

समितीतलं कुणीतरी खाकरलं. प्राचार्य खिडकीबाहेर पाहायला लागले. अध्यक्ष "हं" म्हणाले आणि सगळे जेवायला गेले.

ऑफिसात आम्ही दोघीच उरलो. थोड्याच वेळात अध्यक्ष एकटेच परत आले. "माझं पेन राहिलं का इथं?" पेन त्यांच्या खिशाला होतं. त्यांनी व्हरांड्यात दोन्हीकडं पाहिलं, आत आले, आणि तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला.

"बाई, ते डॉक्टर... कोणते म्हणालात?"

"कुणासाठी?"

"आहे एक माझ्या ओळखीचा. सभेत बोलायला उभा राहिला की हात गार पडतात. छाती इतकी धडधडते की वाटतं, आता पडणार. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. घरी कुणाला माहीत नाही." टेबलाच्या कडेवर त्यांनी हात टेकला होता आणि बोटं पांढरी पडली होती.

मी उठले. दाराकडं गेले. माणूस असं काही बोलायला लागला की दार लावायचं, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. मी कडीला हात घातला.

"राहू दे उघडं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपल्या समोरची खुर्ची पायानं पुढं सरकवली. "बसा, साहेब," त्या म्हणाल्या. "कधीपासून होतंय तुम्हाला?"

साहेबांनी उघड्या दाराकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि बसले.